‘विअर्ड’ची चौकशी कुठे करावी? जुन्या इंग्रजीच्या सात ऑनलाइन कोशांचं परीक्षण

कोशाची परीक्षा घ्यायची तर शब्द जरा वाकडाच निवडावा. सरळ शब्दाला सगळेच कोश पास होतात. इथे घेतलाय ‘विअर्ड’. आज त्याचा अर्थ विचित्र, चमत्कारिक, थोडंसं अंगावर येणारं. ‘काय विअर्ड माणूस आहे’ हे तर आता मराठी वाक्यच झालंय. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र हा शब्द विशेषण नव्हता. ते स्त्रीलिंगी नाम होतं आणि त्याचा अर्थ होता जे घडतं ते, भवितव्य, नियती. स्पेलिंग डब्ल्यू-वाय-आर-डी, उच्चार ‘व्यूर्द’च्या आसपास. मधला वाय म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला ‘ई’, जर्मनमधल्या दोन टिंबांच्या यू-सारखा.

नामाचं विशेषण कसं झालं, नियतीची विक्षिप्त कशी झाली, हे कोणता कोश कितपत उलगडतो हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त महत्त्वाचा: कोश नुसतं सांगतो, की पुरावा समोर ठेवतो? गुण दिलेत ते या दुसऱ्या प्रश्नावर.

एटिमऑनलाइन: सुरुवातीला ठीक, मुक्कामाला नाही

बहुतेकांची सुरुवात इथूनच होते, आणि व्हायला हरकत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती सोसाव्या लागतात, पण आजचं स्पेलिंग टाकलं तरी थेट मुद्द्यावर नेतं. नोंद एका परिच्छेदाची. त्यात जुन्या इंग्रजीतलं रूप, जर्मानिक (इंग्रजी, जर्मन, नॉर्स यांच्या भाषाकुळातला) पूर्वज, ओल्ड सॅक्सन, ओल्ड हाय जर्मन आणि ओल्ड नॉर्समधली भावंडं, त्यांच्यामागचा ‘वळणे’ या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू, मग शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातल्या तीन चेटकीण बहिणी आणि शेवटी ‘विचित्र दिसणारं’ या अर्थासाठी १८१५ हे साल. दोन मिनिटांत सांगाडा हाती येतो.

पण सांगाडाच येतो. कुठला दावा कुठल्या ग्रंथातून उचलला हे ओळीओळीला कळत नाही. साधनग्रंथांची यादी सगळ्या नोंदींना मिळून एकच, वेगळ्या पानावर. १८१५ हे साल घ्या. हे शेलीच्या ‘अलास्टर’ या कवितेपाशी जाऊन पोचतं. रात्र आपल्याच निःशब्दतेतून एक ‘विअर्ड’ आवाज काढते, असा तिथे प्रयोग आहे. कविता लिहिली १८१५ मध्ये, छापली १८१६ मध्ये. एका कोशात एक साल आणि दुसऱ्यात दुसरं दिसलं तर चूक शोधत बसू नये. एक रचनेचं साल धरतो, दुसरा प्रकाशनाचं. एटिमऑनलाइन मात्र कवीचंही नाव घेत नाही आणि साल कशाचं तेही सांगत नाही, त्यामुळे हा उलगडा तिथल्या तिथे होत नाही.

आणखी एक जागा तपासण्यासारखी आहे. जर्मानिक पूर्वज म्हणून इथे ‘थ’ असलेलं तारांकित, म्हणजे अंदाजाने बांधलेलं, रूप दिलेलं आहे, साधारण *वुर्थिझ असं. भावंडांकडे पाहिलं की ते पटत नाही. ओल्ड हाय जर्मनमध्ये मूळच्या ‘थ’चा ‘द’ होतो आणि मूळच्या ‘द’चा ‘त’. ‘होणे’ हे क्रियापद तिथे ‘वेर्दान’, म्हणजे मूळ ‘थ’. नाम मात्र ‘वुर्त’, म्हणजे मूळ ‘द’. पूर्वज *वुर्दिझ असाच हवा. क्रियापदात ‘थ’ आणि नामात ‘द’ ही अदलाबदल व्हर्नरच्या नियमाची: मूळ भाषेत आघात कुठल्या अवयवावर होता त्यावर जर्मानिक व्यंजन ठरलं. कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाला १८७० च्या दशकात हे कोडं सुटलं ते वैदिक संस्कृतच्या स्वरांमुळे, कारण हरवलेल्या आघाताची जागा वेदपाठात टिकून राहिली होती. स्वर उदात्त की अनुदात्त यावरून पाठशाळेत कान पिळले गेले, त्याचा फायदा असा थेट कोपनहेगनपर्यंत पोचला.

सामान्य वाचकाला ‘थ’ आणि ‘द’ने काय फरक पडतो? नियतीचा अर्थ बदलत नाही, हे खरं. पण तारांकित रूप म्हणजे कुठे लिहिलेला सापडलेला शब्द नव्हे, ती मांडणी असते. मांडणी एका अक्षराने हलते हे लक्षात राहिलं की तिच्यावर इमले चढवण्याआधी माणूस थांबतो. धातूच्या पानाबाबतही तेच. ‘वळणे’ या धातूच्या टोपलीत किडा, मनगट, मुरगळणे, सुरकुती, श्लोक आणि भोवरा या अर्थांचे इंग्रजी शब्द एकत्र ठेवलेले दिसतात. टोपली मनोरंजक आहे. त्यातली काही फळं घट्ट, काही लिबलिबीत. कुठली कोणती, हे टोपलीवर लिहिलेलं नाही.

विक्शनरी: रूपांसाठी उत्तम

विक्शनरीचा उपयोग व्युत्पत्तीपेक्षा विभक्तीसाठी करावा. जुनी इंग्रजी ही संस्कृतसारखी विभक्त्यांची भाषा. ‘व्यूर्द’ची रूपं ‘व्यूर्दे’, ‘व्यूर्दा’, ‘व्यूर्दुम’ अशी होतात, आणि मूळ संहितेत शोध घेताना फक्त प्रथमेचं रूप टाकलं तर बाकीची सगळी उदाहरणं हातातून निसटतात. विक्शनरीचा तक्ता समोर ठेवून चारही रूपं टाकावीत. एक सावधगिरी: ‘व्यूर्थ’ हे ‘होतो’ या अर्थाचं क्रियारूप दिसायला अगदी जवळचं आहे. शेवटी डी नसून आडवी रेघ मारलेला डी, म्हणजे ‘एथ’ नावाचं अक्षर असतं. साध्या फाँटमध्ये ती रेघ गायब झाली की नियती आणि ‘होतो’ एकच दिसू लागतात.

संस्कृतशी असलेलं नातंही इथे स्वच्छ मांडलेलं मिळतं: लॅटिनमधलं ‘वेर्तेरे’, जर्मनमधलं ‘वेर्डेन’, आणि आपल्याकडचं ‘वर्तते’. वृत् धातू. मात्र नोंद कोणीही बदलू शकतो, तेव्हा ‘इतिहास’ या टॅबवर शेवटचे बदल काय आहेत ते पाहावं आणि तळाशी संदर्भ नसेल तर मजकूर ऐकीव समजावा.

बॉसवर्थ-टॉलर: खरा माल इथे आहे

जुन्या इंग्रजीचा प्रश्न असेल आणि एकच संकेतस्थळ उघडायला वेळ असेल तर हे उघडा. जोसेफ बॉसवर्थ यांचा पहिला कोश १८३८ चा. त्यांच्या मृत्यूनंतर नॉर्थकोट टॉलर यांनी सामग्री हाती घेऊन १८८२ ते १८९८ या काळात मोठा कोश छापला, मग १९०८ ते १९२१ दरम्यान पुरवणी काढली. १९७२ मध्ये अ‍ॅलिस्टर कॅम्बेल यांची आणखी भर आली. छापील कोश वापरायचा म्हणजे एका शब्दासाठी तीन ठिकाणी बोट फिरवायचं. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने चालवलेल्या ऑनलाइन आवृत्तीत हा व्याप बराच वाचतो, आणि पैसे पडत नाहीत.

‘व्यूर्द’ टाकल्यावर अर्थ दोन-चार शब्दांत आटोपतो आणि मग उदाहरणांची रांग लागते. ही रांगच कोशाची किंमत. लॅटिन-इंग्रजी शब्दसूच्यांत ‘व्यूर्द’ हा ‘फातुम’ला (दैव) आणि ‘फोर्तुना’ला (नशीब) दिलेला प्रतिशब्द आहे, रोमन पुराणातल्या तीन दैवदेवता ‘पार्की’ यांच्यासमोर त्याचंच अनेकवचन ठेवलेलं आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यात ४५५ व्या ओळीत नायक म्हणतो, ‘गॅथ आ व्यूर्द स्वा हीओ शेल’: नियती जायची तशीच जाते. शंभरेक ओळी पुढे तोच माणूस सांगतो की धैर्य टिकलं तर ज्याचं मरण ठरलेलं नाही अशा वीराला व्यूर्द पुष्कळदा वाचवते. दोन वाक्यं शेजारी ठेवली की नियती म्हणजे दगडावरची रेघ हा समज डळमळतो.

तिसरं उदाहरण आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेल्या, रोमन तत्त्वज्ञ बोएथियसच्या ग्रंथाच्या अनुवादातलं. तिथे सरळ व्याख्याच आहे: आपण ज्याला व्यूर्द म्हणतो ते म्हणजे देव रोजच्या रोज करतो ते काम. आणि चौथ्या प्रकारच्या उदाहरणांत तर दैव नाहीच, नुसती ‘घटना’ आहे. काय झालं ते सांगितलं, एवढ्यापुरता शब्द. इंटरनेटवर ‘व्यूर्द ही अँग्लो-सॅक्सन देवी’, ‘व्यूर्दचं जाळं’ वगैरे जे गूढ साहित्य फिरतं, त्याला ही रांग वाचणं हाच उतारा. जे लेखन टिकलं ते ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांच्या हातून उतरलेलं आहे. त्यातून मूर्तिपूजकांची देवी बाहेर काढायची तर पुरावा फार ओढूनताणून बसवावा लागतो.

आता अडचणी, कारण त्या बऱ्याच आहेत. पहिली, संदर्भांची लघुरूपं. बेओवुल्फच्या उदाहरणासमोर दोन आकडे दिसतात आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. मोठा आकडा थॉर्प या संपादकाच्या १८५५ च्या आवृत्तीचा. त्याने अर्धी ओळ ही एक ओळ धरली. आजच्या कुठल्याही आवृत्तीत उदाहरण शोधायचं तर लहान आकडा घ्यावा. ‘एक्सेटर बुक’ या जुन्या हस्तलिखित संग्रहातल्या कवितांचं तर नावच सापडत नाही, कारण टॉलर थॉर्पच्याच १८४२ च्या आवृत्तीची पानं देतो. ‘व्यूर्द बिथ फुल आरॅड’ (नियती पूर्णपणे ‘आरॅड’ असते) हे टी-शर्टांवर झळकणारं वाक्य ‘वाँडरर’ या कवितेच्या पाचव्या ओळीत आहे, पण कोशात ते ‘वाँडरर’ या नावाखाली शोधाल तर हात हलवत परत याल.

दुसरी अडचण ‘ये-’ या उपसर्गाची, जो लिहिताना जी-ई असा लिहितात. ‘येव्यूर्द’ हा जवळचाच शब्द जी या अक्षराखाली स्वतंत्र दिलेला आहे. क्लार्क हॉल यांच्या छोट्या कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १८९४ ची आणि स्कॅन फुकट मिळतं, उपसर्ग सोडून मूळ शब्दाखालीच दोन्ही एकत्र येतात. शब्द सापडत नाही असं वाटलं की आधी उपसर्ग लावून आणि मग काढून पाहावं.

तिसरी गोष्ट जुन्या जाणत्यांना ठाऊक असते, नवख्याला कोणी सांगत नाही. ए ते जी ही अक्षरं मुख्यतः बॉसवर्थ यांच्या हातची आणि कच्ची आहेत. पुरवणीचा मोठा भाग ती दुरुस्त करण्यातच खर्ची पडला. म्हणून जीपर्यंतच्या शब्दाला पुरवणी न पाहता हात लावू नये. डब्ल्यू टॉलर यांचं स्वतःचं काम आहे, ‘व्यूर्द’ची नोंद विश्वासाची. अर्थ देताना व्हिक्टोरियन इंग्रजी येते, तेवढी सोसावी.

टोरांटोचा कोश: उत्कृष्ट, पण डब्ल्यूला अजून अवकाश

टोरांटो विद्यापीठातला ‘डिक्शनरी ऑफ ओल्ड इंग्लिश’ १९७० पासून चालू आहे. पद्धत अशी की जुन्या इंग्रजीत लिहिलेलं आणि टिकलेलं जवळजवळ सगळं, सुमारे तीस लाख शब्द, आधी संगणकात घ्यायचं आणि मग अक्षरवार नोंदी लिहायच्या. काम ए पासून पुढे सरकतंय, डब्ल्यूपर्यंत आलेलं नाही. म्हणजे ‘व्यूर्द’ नाही. पण टी-शर्टावरच्या त्या वाक्यातला ‘आरॅड’ ए वर आहे, तो इथे मिळतो. आणि गंमत म्हणजे वादही त्याच शब्दाचा आहे. ‘अटळ’, ‘ठरलेली’ की ‘निश्चयी’? टी-शर्टवाल्यांनी एक पर्याय निवडून टाकलाय. इथली सगळी उदाहरणं वाचून मत बनवावं. पूर्ण वापराला वर्गणी लागते.

अशा कामाला दशकं का लागतात हे पुण्याला वेगळं सांगायला नको. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुरू झालेला ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत महाकोश सुमारे दीड हजार ग्रंथांतून चिठ्ठ्या काढून चाललाय. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि अजून ‘अ’च चालू आहे.

मिशिगनचा मध्ययुगीन कोश

११०० ते १५०० या काळासाठी मिशिगन विद्यापीठाची ‘मिडल इंग्लिश डिक्शनरी’. छपाई १९५२ ते २००१, सुमारे पंधरा हजार पानं, आणि आता सगळी फुकट. इथे नेहमी होणारा घोळ म्हणजे आजचं स्पेलिंग टाकणं. त्या काळी या शब्दाचं स्पेलिंग परगण्यापरगण्याला वेगळं: मध्ये वाय, आय, ई किंवा आय-ई, काहीही. शीर्षशब्द ई घेऊन केलेला आहे, डब्ल्यू-ई-आर-डी. शोधचौकटीत पर्यायी स्पेलिंगांसह शोध हा पर्याय निवडावा. नाहीतर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस समजतो की शब्दच मेला होता.

मेला नव्हता. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याने तो वापरलाय, आणि एका ठिकाणी तर समजावून सांगितलाय: ‘वेर्द, ज्यांना आपण डेस्टिनी म्हणतो’. या अर्ध्या ओळीत शब्दाचं अख्खं दुखणं आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या वाचकाला देशी शब्दाचा अर्थ फ्रेंचमधून आलेल्या शब्दाने सांगावा लागत होता. असं झालं की देशी शब्दाचे दिवस भरत आले समजायचं.

तारखा वाचताना एक खूण लक्षात ठेवावी. उदाहरणाआधी दोन सालं असली तर पहिलं हस्तलिखिताचं आणि कंसातलं रचनेचं. कंसाबाहेरचं साल वाचून कवीचा काळ ठरवला तर तो पन्नास-साठ वर्षांनी सहज चुकतो.

स्कॉटिश कोश: लोक हाच विसरतात

दक्षिणेत शब्द विझला, उत्तरेत तगला. ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ हे संकेतस्थळ दोन मोठे कोश एकत्र करून २००४ पासून फुकट चालू आहे. एक कोश बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतचा, दुसरा त्यापुढचा. निकाल दोन गटांत येतात, दोन्ही वाचावेत. ‘ड्री युअर विअर्ड’ हा वाक्प्रचार इथे भेटतो: आपल्या वाट्याचं भोगणे. ‘ड्री’ हेही जुन्या इंग्रजीतलं सोसणे. मराठीत ‘भोग सरत नाहीत’ म्हणताना जो सुस्कारा असतो, तोच. ‘नियती ठरवून देणे’ असं क्रियापदही स्कॉट्समध्ये मिळतं.

‘विअर्ड सिस्टर्स’ हा जोडशब्द इथलाच. १४२० च्या सुमारास अँड्र्यू ऑफ विन्टनने मॅकबेथच्या कथेत तीन ‘वेर्द’ बहिणी आणल्या. गॅव्हिन डग्लसने १५१३ मध्ये पुऱ्या केलेल्या व्हर्जिलच्या स्कॉट्स अनुवादात रोमन दैवदेवतांना हेच नाव दिलं. तिथे ‘विअर्ड’ म्हणजे विचित्र नव्हे. दैवाच्या बहिणी, एवढंच. हा कोश टाळून एटिमऑनलाइनवरून थेट शेक्सपिअरवर उडी मारली की कथेचा मधला पूल पडतो, आणि शेक्सपिअरने शब्द बनवला अशी अफवा तयार होते.

ओईडी: पैसे कधी मोजावेत

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाबद्दल, म्हणजे ओईडीबद्दल, आदर आहेच. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत कल्पना निघाली, १८८४ मध्ये पहिला भाग आला, १९२८ मध्ये पहिली आवृत्ती संपली. दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत. २००० पासून ऑनलाइन, आणि तेव्हापासून तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी एकेक करून नव्याने लिहिणं चालू आहे, दर तीन महिन्यांनी भर पडते. सुधारणेची सुरुवात ए पासून केली नाही, एम पासून केली, कारण पहिल्या आवृत्तीत सुरुवातीच्या अक्षरांच्या वेळी पद्धत अजून बसायची होती. म्हणून कुठलीही नोंद उघडली की आधी तिचा इतिहास पाहावा: शेवटची पूर्ण सुधारणा कधीची? डब्ल्यू हे १९२८ मध्ये शेवटी हातावेगळं झालेलं अक्षर. त्याच्या सुरुवातीच्या नोंदींवर १९१९-२० मध्ये टॉल्किननेही काम केलं होतं.

इथे एक अट आहे जी पुष्कळांना माहीत नसते. ११५० पूर्वीच वापरातून गेलेले शब्द ओईडी घेतच नाही. ‘व्यूर्द’ टिकला म्हणून आत आला. शुद्ध जुन्या इंग्रजीतला मेलेला शब्द शोधायला वर्गणी भरली तर ती वाया जाईल, त्यासाठी बॉसवर्थ-टॉलरच. सुधारलेल्या नोंदींत जुन्या काळासाठी साल न देता तीन खुणा देतात: ९५० पर्यंतचं आरंभीचं, ९५० ते ११०० चं, आणि ११०० ते ११५० चं उत्तरकालीन. जुन्या, न सुधारलेल्या नोंदींत अंदाजी सालं असतात. दोन्ही पद्धतींतली उदाहरणं एकाच रांगेत लावून ‘आधी कोण’ ठरवू नये.

मग पैसे कशाचे? १५०० नंतरच्या तारीखवार उद्धरणांचे आणि स्पेलिंगच्या यादीचे. मॅकबेथ छापलं गेलं १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या मोठ्या संग्रहात. तिथे ‘विअर्ड’ हे स्पेलिंगच नाही. आहे ते ‘वेवर्ड’ आणि पुढच्या अंकांत ‘वेयर्ड’. ‘वेवर्ड’ म्हणजे तर हट्टी, वाट सोडून जाणारा असा वेगळाच शब्द. जुळारी अडखळला असेल किंवा त्याला उच्चार दोन अवयवांचा हवा असेल; पण शेक्सपिअरने जिथून कथा घेतली त्या होलिन्शेडच्या बखरीत ‘विअर्ड सिस्टर्स’ आहे, आणि सोबत खुलासाही: म्हणजे दैवाच्या देवता म्हणा ना. १७३३ मध्ये लुइस थिओबाल्ड या संपादकाने त्याच्या आधाराने पाठ सुधारला, आणि आज छापतात ते त्याचं. पुढे रंगभूमीवर या बहिणी दाढीवाल्या, भेसूर चेटकिणी म्हणून उभ्या राहत गेल्या. प्रेक्षकाला ‘विअर्ड’ नामाचा अर्थ माहीत नव्हता. डोळ्यांसमोर जे दिसलं ते विशेषणाला चिकटलं. शेलीपर्यंत येताना दैव गळालं, भेसूरपणा राहिला. मग तोही पातळ होत होत आजचा ‘काय विअर्ड शर्ट घातलायस’ उरला.

हा सगळा जिना पायरीपायरीने पाहायचा तर ओईडीला तोड नाही. पण एका शब्दासाठी वार्षिक वर्गणी भरू नये. बिनवर्गणीचा वाचक गेला तरी नोंदीचा गोषवारा दिसतो, उद्धरणं मात्र कुलपात राहतात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक टाकून पाहावा, बहुतेक ठिकाणी कोश घरबसल्या उघडतो. भारतात विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारावं. आणि तेही नसेल तर पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन स्वरूपात आहेत. व्ही ते झेड हा भाग १९२८ चा. ‘विअर्ड’पुरता तो पुरेसा आहे. मिळतं पान जड, फोनवर वाचताना डोळे दुखतात, संगणकावर वाचा.

याच ओघात ग्लासगो विद्यापीठाच्या ऐतिहासिक पर्यायकोशाचं नाव घेतलंच पाहिजे. १९६५ मध्ये हाती घेतलेलं काम २००९ मध्ये छापून आलं. इथे शब्दावरून अर्थ नाही, अर्थावरून शब्द शोधायचा. ‘दैव’ हा विभाग उघडला की जुन्या इंग्रजीत त्यासाठी ‘व्यूर्द’ एकटा नव्हता हे कळतं. ‘ऑरलॅग’ आहे, ‘मेतोदशेआफ्ट’ आहे. फुकट आहे. पाच मिनिटं द्यावीत.

आपल्या बाजूचा धागा

वृत् धातूची मराठी बाजू कुठल्याच इंग्रजी कोशात धड मिळत नाही. त्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जावं. तिथे टर्नर यांचा इंडो-आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश दोन्ही फुकट आहेत. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे ऑक्सफर्डच्या कोशाची नुसती चर्चा सुरू झाली त्याच वर्षी मुंबईत आपला कोश सुधारून दुसऱ्यांदा छापून झाला होता. टर्नरमध्ये ‘वर्त्मन्’ उघडा: प्राकृतात ‘वट्ट’, मराठीत ‘वाट’. मोल्सवर्थमध्ये ‘वर्तमान’ उघडा: चालू काळ हा अर्थ आहेच, पण घडलेली हकीकत, बातमी हाही आहे. पेशवाईतल्या पत्रांत वर्तमान लिहितात ते याच अर्थाने, आणि वर्तमानपत्रातलं ‘वर्तमान’ही तेच. वृत्त म्हणजे घडून गेलेलं, म्हणून वृत्तपत्र. ‘व्यूर्द’चा ‘घटना’ हा जो अर्थ बॉसवर्थ-टॉलरमध्ये इंग्रज वाचकाला थोडा बुचकळ्यात टाकतो, तो मराठी वाचकाला चटकन कळायला हवा. ‘जे व्हायचं ते’ यावरून दैव हा अर्थ कसा निघतो हेही ‘भवितव्य’ शब्दाने आपल्याला शिकवलेलंच आहे, फक्त तिथे धातू भू आहे.

एक मोह टाळावा. ‘वृत्ती’ आणि ‘व्यूर्द’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार, असं सांगणारे भेटतील. धातू एकच, शब्द एक नाही. ‘वृत्ती’मध्ये धातूच्या त ला प्रत्ययाचा त येऊन मिळतो. जर्मानिक भाषांत असे दोन त एकत्र आले की त्यांचा दुहेरी स होतो. तशी घडण असती तर आज ‘विअर्ड’च्या शेवटी डी नसता, एस असता.